बाणाग्राची मागील कड : धनुष्यशिकारीच्या नियमांतील एका व्याख्येचे विवेचन

उत्तर अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करण्यास राज्यांच्या कायद्यांनी मुभा दिलेली आहे. मात्र बाणाच्या अग्रावर बसवावयाच्या रुंद पात्याविषयी, म्हणजे तेथील भाषेत ‘ब्रॉडहेड’विषयी, त्या कायद्यांनी काटेकोर अटी घातल्या आहेत. कप्प्या नसलेले साधे लांब धनुष्य अथवा टोकांशी उलट वळलेले धनुष्य वापरणाऱ्या पारंपरिक शिकाऱ्याला पाते निवडताना दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : हे पाते कायद्याला मान्य आहे काय, आणि ते आपल्या धनुष्याला योग्य आहे काय? हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर मुख्यतः पात्याच्या मागील कडेत सापडते, दुसऱ्याचे पुढील कडेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी घातलेली असल्यामुळे येथे हा प्रश्न व्यवहाराचा नाही. परंतु एका धोकादायक वस्तूची व्याख्या शब्दांत कशी बांधावी, याचा नमुना म्हणून तो भाषाभ्यासकाला विचारार्ह वाटावा.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, बाण हा बंदुकीच्या गोळीप्रमाणे आघाताने मारीत नाही. तो कापतो, आणि रक्तस्रावाने जनावर मरते. यामुळेच टोकदार अणीपेक्षा धारदार रुंद पात्याला महत्त्व आहे. आधुनिक अमेरिकन धनुष्यशिकारीचा उगम ज्या अभ्यासापाशी नेला जातो तोही एका विद्यापीठातच झाला. १९११मध्ये कॅलिफोर्नियात प्रकट झालेला याही जमातीचा इशी हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात राहत असे. शल्यवैद्य सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली, आणि इशी १९१६मध्ये निवर्तल्यानंतर १९१८ व १९२३मध्ये त्याच विद्यापीठाच्या ग्रंथमालेत धनुष्यबाणांवरील आपले अभ्यास प्रसिद्ध केले.

आता कायद्याकडे वळू. वॉशिंग्टन व आयडाहो ही शेजारी राज्ये. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दोन्ही राज्ये पात्याची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, ठरवितात. आयडाहो मुख्य धारेच्या पात्याची किमान जाडीही सांगते : ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. या अटी मोजपट्टीने तपासता येतात व त्यांत वादाला जागा नाही. खरी कसोटी आहे ती ‘उलटा काटा’ असलेल्या पात्याच्या निषेधाची. असे पाते दोन्ही राज्यांत वर्ज्य आहे. परंतु उलटा काटा म्हणजे काय, हे सांगण्याच्या दोघांच्या रीती वेगळ्या आहेत.

आयडाहोची व्याख्या अंशांची आहे : पात्याची मागील कड बाणाच्या दांड्याशी किंवा पाते धरणाऱ्या नळीशी ९० अंशांहून कमी कोन करीत असेल, तर ते पाते काटेरी होय. ही व्याख्या निःसंदिग्ध भासते. पण कड दांड्याला मिळते तेथे कोन दोन होतात, एक अणीच्या बाजूचा व दुसरा पिसाऱ्याच्या बाजूचा. आणि एक लघुकोन असला म्हणजे दुसरा विशालकोन असावयाचाच. कोन पिसाऱ्याच्या बाजूने मोजावयाचा, हे व्याख्येत स्पष्ट म्हटलेले नाही. ते ‘काटा’ या शब्दाच्या रूढ अर्थातून गृहीत धरलेले आहे. बाजू उलट धरली, तर मागे निमुळते होत जाणारे निरुपद्रवी पाते निषिद्ध ठरेल व गळासारखे पाते मान्य होईल. जी संज्ञा स्पष्ट करावयाची तिच्याच आधारावाचून व्याख्या पुरी होत नाही, असा हा प्रकार आहे.

वॉशिंग्टनची व्याख्या दिशेची आहे. तेथे अंश नाहीत. पाते मागील बाजूस अखंड व गुळगुळीत पृष्ठाने बंद असावे; ती रेषा पात्याच्या सर्वाधिक रुंदीपासून निघून पिसाऱ्याच्या दिशेने जावी, आणि तिने अणीकडे वळता कामा नये, असा तिचा आशय आहे. अणी व पिसारा ही बाणाची दोन टोके सांगितल्यामुळे बाजूचा घोटाळा उरत नाही. शिवाय मागची बाजू ‘बंद’ असावी, ही अधिकची अटही येते. सबब केवळ कोन मोजून पसंत केलेले, परंतु मागे उघडी खाच असलेले पाते एका राज्यात चालण्यासारखे व दुसऱ्यात आक्षेपार्ह ठरण्याचा संभव आहे. मागची कड दांड्याशी काटकोनात असलेल्या पात्याचेही तसेच : आयडाहोच्या शब्दांत ते बसते, वॉशिंग्टनच्या शब्दांत मात्र मागे उतरत जाणारी कडच निःशंक होय.

या निषेधामागील हेतू करुणेचा आहे. बाण वर्मी लागला नाही तर जनावर पळून जाते. पाते गुळगुळीत असल्यास ते गळून पडण्याची व जखम भरून येण्याची काही शक्यता उरते. काटा असल्यास ते मांसात रुतून राहते. हा विवेक आपल्या परंपरेलाही परिचित आहे. इंग्रजीतील ‘बार्ब’ हा शब्द लॅटिनमधील दाढीवाचक शब्दापासून आला. संस्कृताला तेथे कान दिसला, म्हणून असा बाण ‘कर्णी’. सुश्रुताने शल्यरूप बाणांचे कर्णी व श्लक्ष्ण, म्हणजे गुळगुळीत, असे दोनच भेद केले. कारण ते बाहेर काढणाऱ्या वैद्याला हाच भेद महत्त्वाचा. मनुस्मृतीने (७.९०) युद्धात कर्णी, विषाने माखलेले व अग्नीने पेटलेले बाण वर्ज्य मानले आहेत. आयडाहोचे नियम उलट्या काट्याबरोबरच बाणाला जोडलेली रसायने व स्फोटक द्रव्येही निषिद्ध ठरवितात. एके ठिकाणी विषय शत्रूचा, दुसऱ्या ठिकाणी जनावराचा. तरीही निषिद्धांची ही जुळणी लक्षणीय आहे.

कायद्याची कसोटी येथे संपते, योग्यतेची येथे सुरू होते. साध्या धनुष्याने ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला ५२ मीटर वेगाने सोडला असे धरल्यास त्याची ऊर्जा सुमारे ४३ जूल भरते. कप्पीच्या धनुष्याचा २६ ग्रॅमचा बाण ८५ मीटर वेगाने गेल्यास ती ९४ जूल होते. निम्म्याहून कमी ऊर्जा असलेल्या शिकाऱ्याने ती वाया घालविता कामा नये. आत शिरताना उघडणारी यांत्रिक पाती उघडण्यासाठीच काही ऊर्जा खर्च करतात. फार रुंद पाती अधिक विरोध सोसतात. म्हणून हलक्या धनुष्याला अचल, अणीपासूनच धार असलेले, लांबट दुधारी पाते श्रेयस्कर. १९८०च्या दशकात नाताळमध्ये चाचण्या घेणारे एड ॲशबी यांनी रुंदीच्या तिप्पट लांबीचे पाते पुरस्कारिले. तीन पात्यांचे अग्र जखम अधिक उघडी ठेवते, पण त्याला जोर अधिक लागतो. लाकडी दांड्यावर अग्र ५ अंशांच्या निमुळत्या टोकावर नेमके सरळ बसले पाहिजे. ते तिरके बसल्यास रुंद पाते हवेतच बाणाला भरकटविते. सरावाची अणीही त्याच वजनाची असावी. आणि धार बोथट असेल, तर वरील सर्व गुण व्यर्थ होत.

तेव्हा निवडीचा क्रम असा : प्रथम ज्या राज्यात शिकार करावयाची तेथील चालू हंगामाची नियमावली वाचून रुंदी, जाडी व मागील कड तपासावी, यांत्रिक पात्यांविषयीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असून ते बदलतही आले आहेत. त्यानंतर पुढील कड, वजन व धार पाहावी. दुकानातील वेष्टनावरचे नाव या दोहोंपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही. बाण चुकला तर त्याचे शल्य वाहावे लागते ते जनावराला, आणि त्याच्यासाठीच या व्याख्येतील प्रत्येक शब्दाचा काटेकोरपणा आवश्यक ठरतो.