बंद मैदान, उघडी तिजोरी

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी डलासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत (तिकडे सगळे तिला एसएमयू म्हणतात) पत्रकारांची झुंबड उडाली होती. अमेरिकी कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए निर्णय जाहीर करणार होती. तिच्या चौकशी विभागाचे प्रमुख डेव्हिड बर्स्ट यांनी तो जाहीर केला आणि काही क्षणांतच ते भोवळ येऊन पडले. एसएमयूचा १९८७चा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द झाला होता. १९८८ साली घरच्या मैदानावर एकही सामना होणार नव्हता. शिवाय खेळाडूंच्या ५५ शिष्यवृत्त्या चार वर्षांत कापल्या जाणार होत्या. बाहेरगावचे सात सामने खेळायची मुभा होती, पण खेळायला माणसेच उरणार नाहीत हे पाहून विद्यापीठाने १९८८चा हंगामही सोडून दिला. ही शिक्षा ‘डेथ पेनल्टी’ म्हणूनच ओळखली जाते.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना कधी झाला हे कॉलेजातल्या मुलांनाही ठाऊक नसते. त्यामुळे टेक्ससमध्ये कॉलेज फुटबॉल म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. हा अमेरिकी फुटबॉल, हेल्मेट आणि लांबट चेंडूचा. एसएमयू ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये खेळायची, तिच्यातल्या नऊपैकी आठ विद्यापीठे टेक्ससमधलीच होती. त्यांचे माजी विद्यार्थी डलास-ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांत, बँकांत, बांधकाम धंद्यात शेजारी-शेजारी बसत. शनिवारी हरलेल्याने सोमवारी शेजारच्या टेबलावरचे टोमणे ऐकायचे, ही रीत. त्यात एसएमयू खासगी आणि आकाराने लहान. सरकारी विद्यापीठांच्या तोडीस तोड संघ उभा करायचा, तर काहीतरी जास्तीचे द्यावे लागणार. ते पाकिटातून दिले गेले.

नियम साधा होता. खेळाडूला शिष्यवृत्ती, राहणे-जेवण एवढेच मिळेल, वर एक डॉलरही नाही. एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स या खेळाडूंच्या जोडीने १९८०च्या सुमारास एसएमयूला शिखरावर नेले. १९८२ साली संघ एकही सामना हरला नाही, एक बरोबरीत सुटला, आणि देशात दुसरा आला. त्या काळात एनसीएएचे चौकशी अधिकारीही डलासच्या वाऱ्या करत होते. शिक्षा व्हायची, हात आखडता घेतल्याचे नाटक व्हायचे आणि पाकिटे पुन्हा सुरू. १९८५ साली एनसीएएने नवा नियम केला: पाच वर्षांत दुसऱ्यांदा गंभीर गुन्हा केला तर खेळच बंद करता येईल. पुढच्याच वर्षी डेव्हिड स्टॅन्ली या माजी खेळाडूने डलासच्या डब्ल्यूएफएए वाहिनीला सांगितले, की आपल्याला विद्यापीठाच्या माणसांकडून पैसे मिळत होते.

चौकशीत निघालेली रक्कम आज वाचली की हसू येते. १९८५-८६ मध्ये तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर. महिन्याला पन्नासपासून ७२५ डॉलरपर्यंत. हे चालू ठेवायचे कोणी ठरवले, तर विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स यांनी, आणि शिक्षा जाहीर होईपर्यंत ते टेक्ससचे गव्हर्नर झाले होते! शपथ घेऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा मार्च १९८७ मध्ये त्यांनी कबुली दिली. मंडळाचा हिशोब असा: ज्या मुलांना शब्द दिलाय त्यांचे पैसे शिक्षण संपेपर्यंत देऊ, नव्यांना देणार नाही. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण चौकशी करणाऱ्यांना ‘सगळे बंद केले’ असे सांगून हे चालले होते, आणि मला वाटते शिक्षा खरी त्या खोटेपणाची होती. पैसे त्या भागात इतरही देत होते. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टीसीयू, ह्यूस्टन या साऱ्या विद्यापीठांवर त्याच दशकात कारवाई झाली.

निकाल लागताच देशभरचे प्रशिक्षक एसएमयूच्या आवारात उतरले. तिथल्या खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात लगेच खेळायची सवलत होती. उरलेल्या ओसाड संघावर १९८८च्या जानेवारीत फॉरेस्ट ग्रेग आले. ते एसएमयूचेच माजी विद्यार्थी, व्यावसायिक फुटबॉलमधले गाजलेले खेळाडू, ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षकपद सोडून आलेले. त्यांच्या हाती आली बहुतेक पहिल्या वर्षाची पोरे, त्यातली कित्येक ग्रेग यांच्यापेक्षा अंगाने लहान. १९८९ साली सामने भाड्याच्या भव्य मैदानावर न होता आवारातल्या जुन्या ओनबी स्टेडियमवर झाले. दुसऱ्याच सामन्यात कनेक्टिकटविरुद्ध पिछाडीवरून, शेवटच्या चेंडूवर माइक रोमोने मायकेल बोवेनकडे फेकलेल्या पासने संघ ३१-३० असा जिंकला. ऑक्टोबरात ह्यूस्टनने मात्र ९५-२१ असे धुतले. गंमत म्हणजे ह्यूस्टनचा संघ तेव्हा स्वतः नियमभंगाची शिक्षा भोगत होता. ग्रेग यांच्या दोन हंगामांत एसएमयू तीन सामने जिंकली आणि एकोणीस हरली. तरी आयुष्यभरात शिकवलेल्या संघांपैकी सर्वांत धीराची पोरे तीच, असे ते पुढे सांगत राहिले.

मैदानाबाहेरचे काम केनेथ पाय यांनी केले. ड्यूक विद्यापीठातून आलेले हे कायद्याचे प्राध्यापक १९८७ साली एसएमयूचे अध्यक्ष झाले. खेळाडूंच्या प्रवेशाचे निकष त्यांनी कडक केले. फुटबॉलप्रेमींनी त्यांच्या नावाने बोटे मोडली. विद्यापीठाची लाज राखली ती त्यांनीच, असे माझे मत. पण त्या शिस्तीने सामने जिंकता येत नव्हते, हेही तितकेच खरे. १९८९ ते २००८ या वीस हंगामांत एसएमयूने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले ते एकाच वर्षी, १९९७ साली. २००३ मध्ये तर बाराच्या बारा हरली. १९९६ साली साउथवेस्ट कॉन्फरन्सच बरखास्त झाली, बडी विद्यापीठे बड्या गटांत गेली आणि एसएमयू दुय्यम गटांत फिरत राहिली. एनसीएएने १९८७ नंतर पहिल्या श्रेणीच्या एकाही फुटबॉल संघाला अशी पूर्ण बंदी घातलेली नाही.

२००८ मध्ये जून जोन्स प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी एक विजय आणि अकरा पराभव. दुसऱ्या वर्षी मात्र नाताळच्या आदल्या दिवशी हवाई बोलमध्ये नेवाडाला ४५-१०. १९८४ नंतर एसएमयू प्रथमच हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात उतरली होती.

खरी कलाटणी मात्र मैदानावर मिळाली नाही. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली. देणगीदारांनी संस्था काढून खेळाडूंना करार द्यायचे, हे आता राजरोस. एसएमयूच्या अशा संस्थेने २०२२ साली फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंना वर्षाला ३६,००० डॉलर द्यायचे ठरवल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे महिन्याला तीन हजार. ज्या ७२५ डॉलरनी विद्यापीठ धुळीला मिळाले, त्याच्या चौपट. तेव्हा एसएमयू सुधारली की नियमच तिच्या दिशेने सरकले? पाय यांच्या पिढीला हा प्रश्न आवडला नसता. माझ्या मते नियम जास्त सरकले, आणि उशिरा सरकले. ज्या पोरांच्या घामावर तिकिटे आणि जाहिराती विकल्या जात होत्या, त्यांना फुकट राबवणारा नियम पहिल्यापासूनच लंगडा होता. त्यामुळे १९८७चा खोटेपणा मात्र धुतला जात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने एसएमयूला बोलावले. बड्यांच्या पंगतीत बसायची किंमत अशी, की पहिली नऊ वर्षे टीव्ही प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा मागायचा नाही. डलासच्या धनिकांनी त्यानंतर आठवडाभरात १० कोटी डॉलर जमवले, तेही जाहीरपणे. प्रशिक्षक रेट लॅशली यांच्या संघाने २०२४च्या पहिल्याच हंगामात गटातले आठही सामने जिंकले. अंतिम सामन्यात क्लेमसनने ३४-३१ असे हरवले, तरी बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये जागा मिळाली. तिथे पेन स्टेटने ३८-१० असे घरी पाठवले. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. इतर विद्यापीठे हा खर्च बऱ्याच अंशी टीव्हीच्या पैशातून भागवतील. एसएमयूला २०३३ पर्यंत देणगीदारांच्याच दाराशी जावे लागणार आहे.