गोळीआधी झटक्याची ओळख

डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे भराभर ओतले जात असताना मध्येच नजर शून्यात लागते, शुद्ध हरपते, कधी हातपाय झटकू लागतात. दक्षिण कर्नाटकात डॉक्टरांना नेहमी भेटणारा हा अपस्माराचा एक प्रकार आहे, गरम पाण्याचा अपस्मार. न्यूझीलंडमध्ये १९४५ साली त्याची नोंद झाली होती, पण त्याचा कसून अभ्यास झाला तो बेंगळुरूत. तिथल्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेतील डॉ. पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली अशा २७९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात मुले आणि पुरुष जास्त होते.

या आजारावरचा पहिला उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. पाणी कोमट घ्यायचे, डोक्यावर एकदम ओतायचे नाही. तेवढ्याने भागले नाही, तर डोक्यावरून न्हाण्याच्या दीडदोन तास आधी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत क्लोबाझाम. पुष्कळ रुग्णांना रोजची गोळी लागतच नाही. मात्र काहींना पुढे पाण्याशिवायही झटके येऊ लागतात, आणि मग नियमित औषध सुरू करावे लागते.

म्हणजे उपचार ठरतो तो झटका कसा आणि कधी येतो यावर. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या एखाद्या घरात फिट आली, तर पहिली धाव जवळच्या दवाखान्यात, किंवा विमाधारक कामगाराचे घर असेल तर तिथल्या ईएसआय रुग्णालयात. निम्हान्स दूर होसूर रस्त्यावर. कुठेही गेले तरी डॉक्टरांना सर्वांत मोलाचा असतो तो पाहणाऱ्याने सांगितलेला प्रसंग. आधी एकच हात हलला की सगळे अंग ताठले? किती वेळ चालले? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? शक्य असेल तर एकाने मोबाइलवर चित्रण करावे, दुसऱ्याने रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, तर थेट रुग्णालय गाठावे.

ईईजी आणि एमआरआय मदत करतात, पण ईईजी सामान्य आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. आपल्याकडे मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठीही झटक्यांचे नेहमीचे कारण आहेत, आणि तिथे त्या संसर्गाचाही विचार करावा लागतो.

प्रकार ओळखण्याचा आग्रह का, हे कार्बामाझेपिनवरून कळते. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर ते उत्तम काम करते. पण पौगंडावस्थेत सुरू होणाऱ्या एका अपस्मारात सकाळी उठल्यावर हात दचकतात, हातातला कप उडतो. तिथे तेच औषध झटके वाढवू शकते. शेजाऱ्याला लागू पडलेली चिठ्ठी म्हणूनच धोक्याची.

महाग औषध म्हणजे चांगले औषध, हा समजही सोडायला हवा. डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्याच येळंदूर भागात फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइन या स्वस्त, जुन्या गोळ्यांनी ग्रामीण रुग्णांवर उपचार केले. त्यांचा अनुभव २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: झटके मोठ्या प्रमाणात आटोक्यात आले होते. तरी प्रत्येकाला तेच द्यावे असे नाही. फेनोबार्बिटलने पेंग येते, आणि लेथवर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. लेव्हेटिरासिटाम या दुसऱ्या औषधाने काहींची चिडचिड वाढते. रुग्णाचे काम, वय, इतर आजार, दरमहा परवडणारी रक्कम हे सारे डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्यात लाज कसली?

औषध किती दिवस करून पाहायचे? ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधी उपचार न झालेले ४७० रुग्ण होते. पहिल्याच औषधाने ४७ टक्क्यांचे झटके थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे, त्यापुढे मात्र फार थोड्यांचे. म्हणून योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि न चुकता घेतलेली दोन औषधे अपुरी पडली, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षे घालवण्याऐवजी अपस्मार केंद्रात तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेचे नाव काढले की घर हादरते, पण दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकामुक्त होती, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागू होत नाही आणि तिचेही धोके आहेत. ती आपल्याला लागू आहे का, हे वेळेत विचारणे मात्र आपल्या हातात असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध, पण गरोदरपणात घेतल्यास सुमारे दहातल्या एका बाळात मोठे जन्मजात व्यंग आढळते, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. ते बदलायचे तर गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घाबरून एकदम बंद केले, तर जीवघेणे झटके येऊ शकतात. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा उल्लेख १९९९ साली काढून टाकला गेला, तरी लग्न ठरताना गोळ्या लपवल्या जातात, सासरी गेल्यावर चुकतात. लग्नाची बोलणी सुरू झाली की ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी, म्हणजे औषध बदलायला आणि फोलिक ॲसिड सुरू करायला वेळ मिळतो.