पाबळ : गावच कार्यशाळा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला.

इथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार अंगं सगळ्यांनीच शिकायची. शाळेत मागे पडलेली मुलंही इथे चालतात. हाताने काम करायची तयारी मात्र हवी.

काम लुटुपुटीचं नसतं. वेल्डिंग शिकायचं ते कुणाला तरी खरोखर हव्या असलेल्या वस्तूवर, वायरिंग शिकायचं ते राहत्या घरात. जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीसाठी पाण्याचा अंदाज घेणं, माती तपासणं, रक्तगट पाहणं, लोखंडी सांगाड्याची घुमटाकार घरं उभारणं अशी कामं मुलांनी गावासाठी केली. गावाने त्याचे पैसेही मोजले. कलबागांचा यावर कटाक्ष होता, आणि तो रास्तच म्हणायला हवा: फुकटच्या कामातल्या चुका गिऱ्हाईक पोटात घालतं, पैसे मोजल्यावर जाब विचारतं.

2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळाही आली.