समर्पण आणि सक्ती

‘देवाच्या मनात असेल तसे होईल’ हे वाक्य जळगावच्या पेढ्यांवर आणि धुळ्याच्या अडतींवर जितके ऐकू येते तितके देवळातही येत नसेल. कापसाचा भाव पडला, देवाची इच्छा. केळीच्या बागा वादळाने आडव्या झाल्या, देवाची इच्छा. आणि भागीदाराचे पैसे बुडविले, तीही देवाचीच इच्छा! जे आपण करावयास हवे होते व केले नाही, ते परमेश्वराच्या नावे खर्ची टाकून मोकळे होणे, ह्यास पुष्कळ लोक शरणागती समजतात. ख्रिस्ती धर्मात आपले जीवित व आपली इच्छा देवास अर्पण करण्याची जी शिकवण आहे, तिच्याविषयी तर गैरसमज याहून मोठा. अशा माणसाने आपली बुद्धी गहाण टाकली, असे कोणी म्हणतो. त्याने घरच्यांस वाऱ्यावर सोडले, असे दुसरा म्हणतो. ह्या दोन्ही आक्षेपांचा शांत चित्ताने विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

ह्या शिकवणीचे मर्म गेथशेमाने बागेतील प्रसंगात दिसते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी पित्याजवळ उघड विनवणी केली. आपल्या मनातील इच्छा त्याने झाकून ठेवली नाही. मात्र शेवटचा निर्णय पित्याचा, असे म्हणून तो उठला आणि पकडावयास आलेल्यांना सामोरा गेला. आमच्या व्यापारी वाचकांस दुकानातील दाखला चटकन पटेल. समर्पण करणारा मनुष्य देवास मुनीम नेमून आपण गादीवर लोळत नाही. देवास मालक करून आपण मुनीम होतो. मुनिमाने पहाटे उठावे, हिशेब चोख ठेवावा आणि नफ्यावर स्वतःचे नाव घालू नये. असे समर्पण आळशी माणसास परवडणारे नाही.

ह्याचे उदाहरण शोधण्यास परदेशी जावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म 1861 साली कोकणातील करजगावी, ब्राह्मण कुळात झाला. 1893 साली राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली व त्याने त्यांस नवा करार भेट दिला. पुढे वाचन, मनन आणि पत्रव्यवहार ह्यांत सुमारे दोन वर्षे गेली, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धी गहाण टाकणारा मनुष्य इतका काळ विचारात घालवीत नसतो. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायांपर्यंत पोचविले, असे ते पुढे सांगत. जुने सारे जाळून त्यांनी नवे घेतले नाही. जुन्याच वाटेने ते नव्या दाराशी आले.

परंतु ह्या निर्णयाचा मोठा भार दुसऱ्याच एका जिवावर पडला, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. निर्णय पतीचा आणि शिक्षा पत्नीला, असा हा प्रकार झाला. पाच वर्षे त्या मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून 1850 साली कायदा झाला होता. पण शेजाऱ्यांच्या नजरेपासून व आप्तांच्या टोमण्यांपासून त्याच्या पत्नीस वाचविणारे कलम कोणत्या कायद्यात असणार? टिळकांच्या भक्तांनी हे दुःख लहान करून सांगू नये.

मात्र टिळकांनी पुढे जे केले नाही, ते आमच्या मते फार मोलाचे आहे. पत्नी धर्माच्या कारणाने नांदावयास येत नसेल तर ख्रिस्ती झालेल्या पतीस विवाह मोडून घेण्याची वाट 1866 च्या कायद्याने मोकळी होती. टिळक त्या वाटेस गेले नाहीत. ते थांबले. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी आपला झगडा केला. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांस आधी पटले; त्यानंतर 1900 साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांस ठाऊक आहे की ही बाई कोणाच्या मागे मुकाट्याने चालणारी नव्हती. पतीने आपली इच्छा देवास दिली. तिची इच्छा देण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो तिचा होता, आणि तो तिनेच बजावला.

आता आमच्या खानदेशाचीच एक गोष्ट. 1907 साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. डॉक्टर कीर्तिकर अध्यक्ष होते, टिळकही आले होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या कोवळ्या मुलाची कविता ऐकून सभा थक्क झाली आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तेथेच मिळाले. पुढे हा मुलगा अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. तो हिंदू होता आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिला. त्या घरी मिळणाऱ्या घासावर धर्माची अट नव्हती. 1918 साली जळगावजवळ भादली स्टेशनानजीक आगगाडीखाली त्याचा अंत झाला, तेव्हा एका ख्रिस्ती घरातही मुलगा गेल्याचे दुःख झाले.

स्वतःपुरता मात्र टिळकांनी देवाचा हुकूम अधिकच कडकपणे चालविला. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, आणि ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने हिंदी मनास परका न वाटणारा असा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचे काम हाती घेतले. वय पन्नाशी उलटलेले, प्रकृती खालावलेली. अवघ्या दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते निवर्तले. महिन्याच्या महिन्यास हाती पडणारी रक्कम सोडणे म्हणजे काय, हे नोकरदार वाचकांस समजावून सांगावयास नको.

समर्पणाचा हा विचार ख्रिस्ती मंडळींपुरता आहे असेही कोणी समजू नये. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले, आणि पूर्वी अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली. फळाची आशा देवावर सोपवावी, असे सांगणारे व लिहून घेणारे दोघेही कर्म करूनच त्या कोठडीत आले होते. मार्ग निराळे, श्रद्धा निराळ्या. परंतु देवाला शरण गेलेला मनुष्य सत्तेपुढे वाकत नाही व कामापासून पळत नाही, हा अनुभव दोन्हीकडे एकच.

म्हणून समर्पणाची गोष्ट बोलणाऱ्यास आमच्या वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. शरण गेल्यावर तुझे काम वाढले की कमी झाले? तू स्वतःचे काय सोडलेस? आणि तुझ्या घरातील बायकामुलांस ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे काय? जो बुवा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, देवाचे नाव घेऊन भक्ताची इच्छा स्वतःच्या पायाशी ठेवून घेतो, तो तिसऱ्या प्रश्नास अडखळेल. जो बाप मुलीच्या श्रद्धेवर वा विवाहावर कुलूप घालून त्यास धर्मरक्षण म्हणतो, तोही अडखळेल.

सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आज घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकास दिले आहे. पण ते कलम घराच्या उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. ते घरच्या वडीलधाऱ्यांचे आहे. कोणाच्या घरी उद्या मुलगा, सून अथवा भाऊ निराळ्या श्रद्धेची गोष्ट बोलू लागला, तर त्याचे ताट वेगळे मांडण्यापूर्वी जलालपूरच्या त्या मुलीची पाच वर्षे आठवावीत. आणि ज्याने श्रद्धा बदलली असेल, त्यानेही मागे राहिलेल्यांसाठी टिळकांप्रमाणे थांबावयास शिकावे, अशी आमची दोघांसही विनंती आहे.