अमृतमहालची कुरणे व त्यांपासून घ्यावयाचा बोध

उत्तम बैल उत्तम वळूपासून निपजतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु वळूची जात टिकते ती कुरणाच्या आधारे, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. ती पटण्यास म्हैसूर प्रांतातील अमृतमहाल गुरांचा इतिहास पाहणे उपयुक्त होईल.

म्हैसूरचे राजे चिक्क देवराज वोडेयर (इ. स. 1672 ते 1704) यांनी 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याची चावडी, या नावाचे खाते स्थापून दरबारच्या गुरांची व्यवस्था लावली. पुढे हैदरअल्लीने हे बैल तोफा व सामान ओढण्यास लावले. या बैलांच्या बळावर त्याने अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारली, असे सांगतात. टिपूने या खात्यास 'अमृतमहाल' हे नाव दिले. इ. स. 1799 मध्ये टिपू पडल्यावर इंग्रजांनीही या बैलांचा लष्कराकडे उपयोग केला.

या गुरांकरिता राखलेल्या कुरणांस कानडीत 'कावल' म्हणतात. ती आजच्या हासन, चिक्कमगळूरू, चित्रदुर्ग, तुमकूरू इत्यादी जिल्ह्यांत पसरलेली होती. त्यांची योजना मोठी मार्मिक होती. पावसाळी, हिवाळी व उन्हाळी अशी कुरणांची वाटणी असे. ज्या कुरणांत झाडांची सावली व तळ्याकाठचा ओलावा असे, ती उन्हाळ्याकरिता राखून ठेवीत. कळप ऋतुमानाप्रमाणे एका कुरणातून दुसऱ्यात जाई व मागील कुरणातील गवतास वाढण्यास अवकाश मिळे. अशा फिरत्या राहणीने गुरे काटक व चालीस चपळ बनत.

इ. स. 1860 मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारने हे कळप मोडले. लवकरच चांगल्या बैलांची उणीव भासू लागली व इ. स. 1866 मध्ये खाते पुन्हा उभारावे लागले. तसे करता आले, याचे मुख्य कारण कुरणांचा मुलूख पुष्कळसा शिल्लक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही तो चार लाख एकरांहून अधिक भरत असे.

त्यानंतरची हकीकत मात्र उलट आहे. चिक्कमगळूरू जिल्ह्यातील अज्जंपूर येथे इ. स. 1929 मध्ये स्थापन झालेले सरकारी पैदास केंद्र जातिवंत गुरे राखीत आले आहे. परंतु कुरणे घटत गेली. काही जमीन धान्याचे उत्पन्न वाढविण्याकरिता लागवडीस दिली गेली, काहीत झाडे लावली गेली, काही अतिक्रमणाने गेली. इ. स. 2007 नंतर चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात हजारो एकर कावल जमीन निरनिराळ्या सरकारी संस्थांस देण्यात आली. त्या संस्थांचे कार्य देशोपयोगी असेल. पण जेथे कुंपण पडले, तेथे धनगरांची मेंढरे व गावची गुरे चरावयाची थांबली. मोडलेला कळप पुन्हा जमविता येतो. वाटली गेलेली जमीन पुन्हा जमविणे दुर्घट आहे.

आपल्या माणदेशातील खिल्लार बैल याच म्हैसूर गटातील मानला जातो. आटपाडी, सांगोला, जत, माण या टापूंत त्याचे नाव आहे. आपण वळूची निवड करितो, प्रदर्शनास जनावर नेतो, हे योग्यच आहे. पण गावच्या गायरानाकडे कितीजण पाहतात? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 प्रमाणे गावच्या गुरांच्या चराईकरिता जमीन नेमून देता येते. इ. स. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी राज्यांस आज्ञा केली आहे. कायदा आहे; उणीव आहे ती आपल्या लक्षाची.

तरी प्रत्येक सभासदाने तलाठ्याकडून गायरानाचे गट व त्यांचे क्षेत्र उतरून घ्यावे, गाव नमुना 1-ई मधील अतिक्रमणाच्या नोंदी पाहाव्यात व हद्दीविषयी शंका आल्यास ग्रामसभेत मोजणीचा ठराव मांडावा. त्यानंतर गायरानाचे तीन भाग पाडून एक भाग पाळीपाळीने बंद ठेवावा. आपल्याच बांधाने गायरान दाबले असेल, तर तो प्रथम मागे घ्यावा. कारण ज्याच्या गोठ्यात गुरे अधिक, त्यासच कुरणाची गरज अधिक.