चार दिवसांची मात्रा, एका दिवसाची मात्रा

१९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेत बेट्सी लेमन यांच्यावर स्तनाच्या कर्करोगासाठी उपचार चालू होते. त्या 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकात आरोग्यविषयक स्तंभ लिहीत. सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची जी मात्रा चार दिवसांत मिळून द्यायची होती, ती चारही दिवस रोज दिली गेली. म्हणजे औषध चौपट झाले. ३ डिसेंबरला, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. चूक उघडकीस आली ती १९९५ च्या फेब्रुवारीत, जुन्या नोंदी पाहताना. डॉक्टर, औषधनिर्माते, परिचारिका अशा अनेकांच्या नजरेखालून तो आदेश गेला होता.

असे का व्हावे? '४ ग्रॅम, दिवस १ ते ४' हे शब्द वाचून पाहा. ४ ग्रॅम रोज की एकूण? दोन्ही अर्थ निघतात. माणूस संदर्भाने अर्थ लावतो, आणि कधी चुकीचाही लावतो. संगणकाला तर संदर्भच नसतो. म्हणून केमोथेरपीचा आराखडा संगणकात घालायचा तर प्रत्येक गोष्ट वेगळ्या रकान्यात लिहावी लागते: औषध, एका वेळची मात्रा, एकक, कोणत्या मार्गाने, कोणत्या दिवशी, पुढची फेरी केव्हा. पहिल्या दिवसाला काही ठिकाणी '०' म्हणत, काही ठिकाणी '१'. तेही एकदाचे ठरवावे लागते.

लसिका ग्रंथींच्या कर्करोगावरील 'चॉप' हा आराखडा घेऊ. त्यात चार औषधे असून फेरी २१ दिवसांची असते. बहुतेक मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरतात. पृष्ठफळ काढण्याचे मोस्टेलर यांचे १९८७ चे सूत्र वर्गात करून पाहण्याजोगे आहे: सेंटिमीटरमधील उंची गुणिले किलोग्रॅममधील वजन, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ. उंची १६२ आणि वजन ५० असेल तर ८१०० भागिले ३६०० म्हणजे २.२५, वर्गमूळ १.५ चौरस मीटर.

सायक्लोफॉस्फामाइड दर चौरस मीटरला ७५० मिलिग्रॅम, म्हणून ११२५ मिलिग्रॅम. व्हिन्क्रिस्टीन (हे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळते) दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, म्हणजे २.१. पण ते द्यायचे २ च! चेतातंतूंना इजा होऊ नये म्हणून या आराखड्यात २ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घालतात. अनुभवी डॉक्टरच्या हे अंगवळणी पडलेले असते. संगणकासाठी मर्यादेचा रकाना वेगळा करावा लागतो.

बॉस्टनच्या त्या संस्थेने पुढे कमाल मर्यादा ओलांडताच अडवणारी संगणकपद्धती आणली. पण मर्यादा नुसत्या औषधाला जोडून भागत नाही, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे. अस्थिमज्जा रोपणापूर्वी हेच सायक्लोफॉस्फामाइड 'चॉप'च्या कितीतरी पट देतात, आणि ते योग्यच असते. मर्यादा आराखड्याला जोडावी लागते.

आणि आराखडा ओळखायचा कसा? नावावरून? 'चॉप'मधील प्रेडनिसोन काही चाचण्यांत सरसकट १०० मिलिग्रॅम दिले गेले, तर काहींत दर चौरस मीटरला ४०. आपल्या १.५ चौरस मीटरच्या रुग्णाला एकीकडे १०० आणि दुसरीकडे ६०. नाव मात्र एकच. त्यामुळे संगणकात प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र क्रमांक देतात आणि मात्रा बदलली की आवृत्तीचा क्रमांकही बदलतात.