कव्वाल पार्टीला अमेरिकेचं निमंत्रण: टुरिस्ट व्हिसावर का जाऊ नये आणि ‘पी-३’ कसा मिळतो?

अमेरिकेतल्या एखाद्या शहरातून आयोजकाचा फोन येतो. ‘‘आठ जणांची पार्टी घेऊन या, चार शहरांत मेहफिली लावल्यात. व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. टुरिस्ट व्हिसा काढा, विमानतळावर विचारलं तर नातेवाइकांकडे आलोय म्हणा.’’ उर्सांच्या हंगामावर वर्षभराचा खर्च भागवणाऱ्या घराण्यासाठी हा फोन छोटी गोष्ट नसते. एका दौऱ्यात मुलीचं लग्न, घराची डागडुजी, जुनी उधारी असं बरंच काही निघतं. म्हणूनच लगेच ‘हो’ म्हटलं जातं. पण त्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवला तर हा दौरा तर जाईलच, पुढची कित्येक वर्षं अमेरिकेचा दरवाजाही बंद होऊ शकतो.

कव्वाल, सारंगिये, तबलजी, सनईवादक आणि त्यांच्या घरच्यांना हे गणित समजावं म्हणून ही माहिती. भर अमेरिकेवर आहे, कारण तिथली प्रक्रिया सगळ्यांत किचकट. ब्रिटन आणि आखाताबद्दल शेवटी थोडक्यात.

नजराणा घेतला तरी ते कामच

अमेरिकेचा बी-१/बी-२ हा व्हिजिटर व्हिसा फिरण्यासाठी, नातेवाइकांना भेटण्यासाठी, व्यवसायाच्या बैठकांसाठी असतो. पेशेवर कलाकाराला तो कार्यक्रमासाठी चालत नाही. इथे आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलाय: ‘तिकीट लावलं नाही, फक्त नजराणा घेतला, मग ते काम कसं?’ किंवा ‘लग्नातली खासगी मेहफिल आहे, जाहीर कार्यक्रम थोडाच आहे?’ अमेरिकेच्या नियमात याला काही किंमत नाही. मोबदला किती, तो कोण देतंय, कार्यक्रम जाहीर की खासगी, यापैकी कशानेही फरक पडत नाही. तुमचा पेशा गाणं-वाजवणं असेल आणि तुम्ही तिथे गायला-वाजवायला निघाला असाल, तर हा व्हिसा चुकीचा.

अपवाद आहेत, पण फार थोडे. बक्षिसापलीकडे काही मोबदला नसलेली स्पर्धा हा एक. आपल्या सरकारने पाठवलेलं, सगळा खर्च सरकारनेच उचललेलं आणि विनामूल्य कार्यक्रम करणारं सांस्कृतिक पथक हा दुसरा. आणि ज्यांचा हा पेशाच नाही, म्हणजे शाळेत शिकवणारे आणि हौसेने नात पढणारे एखादे सर, ते पैसे न घेता सामाजिक किंवा धर्मादाय कार्यक्रमात भाग घेऊ शकतात. पेशेवर कव्वालाने मात्र स्वतःला ‘हौशी’ म्हणवून घ्यायच्या भानगडीत पडू नये. यूट्यूबवर सगळे कार्यक्रम दिसत असताना ते टिकत नाही. शिवाय डीएस-१६० या व्हिसा अर्जातच मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती द्यावी लागते.

विमानतळावर खोटं पकडलं गेलं तर तिथूनच परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो आणि त्याबरोबर पाच वर्षांची बंदी येते. व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर बंदी कायमची. त्यातून सूट मागता येते, पण ती मिळणं सोपं नसतं. आणि हा शिक्का कलाकाराच्या नावावर बसतो. फोन करणाऱ्या आयोजकाचं काही बिघडत नाही.

मग योग्य व्हिसा कोणता?

उस्ताद अली अकबर खान १९५५ मध्ये अमेरिकेत वाजवायला गेले तेव्हा कलाकारांसाठी ‘पी’ नावाची श्रेणी नव्हतीच. ती १९९० च्या कायद्याने आली. तिचे पोटप्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव असलेल्या ग्रुपसाठी पी-१, दोन देशांतल्या संस्थांच्या देवाणघेवाणीसाठी पी-२, आणि एखाद्या समाजाची, देशाची किंवा धर्माची खास कला सादर करणाऱ्यांसाठी पी-३. फार मोठं वैयक्तिक कर्तृत्व दाखवता येत असेल तर ओ-१ हा वेगळा व्हिसा आहे. पण दर्ग्याच्या चौकात रात्रभर गाणाऱ्या आपल्या पार्ट्यांना सगळ्यांत जवळचा पी-३च. त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कारांची यादी लागत नाही. कला अस्सल आहे आणि तिची परंपरा तुमच्याकडे आहे, एवढं कागदावर सिद्ध करावं लागतं.

‘आम्ही गिटार आणि कीबोर्डही घेतो, मग आमची कव्वाली पारंपरिक धरतील का?’ हा प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात. याचं उत्तर २०१२ च्या एका निकालात आहे. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटरने अर्जेंटिनाच्या एका ग्रुपसाठी पी-३ मागितला होता. ज्यूंच्या पारंपरिक क्लेझमर संगीतात हा ग्रुप लॅटिन अमेरिकेचे सूर मिसळायचा. आधी अर्ज नाकारला गेला: ही मिसळ आहे, खास अशी कुठल्या एका संस्कृतीची कला नाही. अपिलात तो निर्णय फिरला. दोन परंपरांच्या मेळातून घडलेली शैलीही ‘सांस्कृतिकदृष्ट्या खास’ असू शकते असं ठरलं आणि तो निकाल पुढच्या प्रकरणांसाठी बंधनकारक दाखला झाला. म्हणजे गिटार चालेल. फक्त तुमची शैली कुठून आली आणि कशी घडली हे नीट मांडता आलं पाहिजे.

अर्ज तुम्ही करत नाही

हे नीट लक्षात ठेवा, कारण फसवणूक नेमकी इथे होते. पी-३ ची पहिली पायरी मुंबईत नाही, अमेरिकेत असते. तिथला आयोजक, संस्था किंवा एजंट त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१२९ नावाचं पिटिशन दाखल करतो. ते मंजूर झालं की आय-७९७ हे मंजुरीपत्र येतं आणि मगच तुम्ही इथे व्हिसाचा अर्ज भरता. त्यामुळे इथला कुणी एजंट ‘पैसे द्या, मी थेट पी-३ काढून देतो’ म्हणाला तर त्याला एकच प्रश्न विचारा: अमेरिकेत पिटिशन कोण भरतंय, आणि पावती क्रमांक काय? त्या क्रमांकावर अर्ज कुठवर आलाय हे ऑनलाइन कुणालाही पाहता येतं.

एप्रिल २०२४ पासून या पिटिशनची मूळ फी १,०१५ डॉलर झाली. छोट्या आणि ना-नफा संस्थांसाठी ५१० डॉलर. ना-नफा सोडून इतरांना त्यावर आणखी एक आकार आहे. एका पिटिशनमध्ये जास्तीत जास्त २५ नावं घालता येतात. हे सगळं भरायचं काम पिटिशन करणाऱ्याचं. जादा फी भरली तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं, नाहीतर महिने जाऊ शकतात. पिटिशन कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपर्यंत दाखल करता येतं. आयोजक दीड महिना आधी जागा झाला असेल तर सरळ पुढची तारीख मागा.

पिटिशनसोबत करार, कार्यक्रमांच्या तारखा-ठिकाणांची यादी आणि तिथल्या कलाकार संघटनेचं मतपत्र लागतं. संगीतकारांसाठी हे काम सहसा अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स करते. हा आयोजकाचा भाग. तुमच्याकडून लागतो तो पुरावा, आणि आपली घराणी नेमकी इथेच मागे पडतात.

चार पिढ्या गाणाऱ्या घरात कागद विचारला तर काय निघतं? एखादी शाल, भिंतीवरचा फोटो आणि ‘सगळ्यांना माहितीय’ हे उत्तर. अमेरिकेतल्या टेबलामागच्या अधिकाऱ्याला काहीच माहीत नसतं. त्याला जाणकारांची पत्रं लागतात: विद्यापीठाच्या संगीत विभागातले प्राध्यापक, संगीत अभ्यासक, नावाजलेले उस्ताद. पत्रात ‘हे फार गुणी कलाकार आहेत’ एवढंच असेल तर उपयोग नाही. पत्र लिहिणाऱ्याला या कलेची माहिती कशी, तुमच्या गायकीत कोणती परंपरा आहे आणि ती अस्सल का, हे आलं पाहिजे. त्याखेरीज उर्दू-मराठी वर्तमानपत्रांतली कात्रणं, उर्स कमिट्यांची निमंत्रणं, पोस्टर, आकाशवाणी-दूरदर्शनचे करार, कॅसेटची कव्हरं, सगळं गोळा करा. कात्रणाचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. ते पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सही करून लिहून दिलं की पुरतं. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी सुट्टीत एवढं काम केलं तरी दौऱ्याची निम्मी तयारी होते. निमंत्रण आलेलं नसतानाही करून ठेवावं.

आणखी एक बारीक गोष्ट. मागे बसून टाळी देणाऱ्या, मिसरा उचलणाऱ्या हमनवांना आयोजक कधी कधी ‘सपोर्ट स्टाफ’ म्हणून दाखवतात. ते चूक आहे. टाळीशिवाय कव्वाली होत नाही. ते कलाकारच आहेत आणि त्यांची नावं मुख्य पी-३ पिटिशनमध्येच हवीत. साउंड सांभाळणारा, मॅनेजर यांच्यासाठी वेगळं पिटिशन असतं. याचा फायदा पुढे दिसतो. ऐनवेळी ढोलकवाला आजारी पडला तर ग्रुपमधल्या कलाकाराच्या जागी दुसरा घेण्याची विनंती मंजुरीपत्राच्या प्रतीसह कॉन्सुलेटकडे करता येते. सपोर्ट स्टाफसाठी ही सोय नाही.

नावाचा घोळ

स्टेजवर ‘साबरी’, ‘वारसी’, ‘नियाझी’, पासपोर्टवर ‘शेख’, आधारवर तिसरंच स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’ऐवजी नुसतं ‘एमडी’. आपल्याकडे हे घरोघरी आहे. करार आणि पिटिशन पासपोर्टवरच्या नावानेच करा आणि स्टेजचं नाव ‘उर्फ’ म्हणून जोडा. नाहीतर पोस्टरवरचा माणूस आणि अर्जदार एकच आहे हे सिद्ध करताना दमछाक होते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव माहीत नाही’, अशी अक्षरं येतात. यूएईने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर येऊ देणं थांबवलं; दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं. पासपोर्ट आधीच दुरुस्त करून घ्या. व्हिसा निघाल्यावर करायचं हे काम नाही.

मुलाखत, पैसे आणि परतीचं तिकीट

मंजुरीपत्र आल्यावर प्रत्येकाला डीएस-१६० भरून २०५ डॉलर फी भरावी लागते. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये होते. पिटिशन मंजूर असलं तरी व्हिसा मिळेलच असं नाही. कलापथकाच्या नावाखाली भलतीच माणसं परदेशी नेऊन सोडायची ‘कबूतरबाजी’ आपल्याकडे झालेली आहे, त्यामुळे अधिकारी प्रत्येकाला पारखून घेतात. तू काय वाजवतोस, किती वर्षं, पार्टीत आणखी कोण, परत येऊन काय करणार, असे साधे प्रश्न असतात. हिंदी किंवा मराठीत बोलायला लाजू नका. तोडक्या इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर जास्त संशय वाढवतं. इथलं घर, कुटुंब, पुढच्या उर्सांची ठरलेली कामं यांचे कागद जवळ असू द्या, कारण परत येण्याचा इरादा दाखवणं पी-३ साठी गरजेचं आहे.

करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत एकदा वाचून घ्या. किती मेहफिली, प्रत्येकीचे किती, राहणं-जेवण कोणाकडे, पैसे कधी मिळणार. अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या कमाईतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापतात, तेव्हा ठरलेली रक्कम कराआधीची की नंतरची हे लिहून घ्या. मुदतीआधी आयोजकानेच काम बंद केलं तर मायदेशी परत पाठवण्याचा वाजवी खर्च त्याच्यावर आणि पिटिशन करणाऱ्यावर कायद्याने येतो. स्वतःहून काम सोडलं तर येत नाही. पासपोर्ट मात्र कुणाच्याही हाती देऊन ठेवू नका, ‘सांभाळायला’ म्हणूनसुद्धा नाही.

वाद्यांबद्दल एकच सांगणं. आजोबांच्या सारंगीवर किंवा सतारीवर हस्तिदंताचं काम असेल तर ती घरीच ठेवा. अमेरिकेने २०१६ पासून हस्तिदंतावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली आहे आणि जप्त झालेलं वाद्य परत मिळेल याची खात्री नाही. बाकी वाद्यांसाठी फिक्कीकडून ‘एटीए कार्ने’ हा तात्पुरत्या नेआणीचा दाखला मिळतो. मिरजेहून नवा तानपुरा घेतला असेल तर त्याचं बिल सोबत असू द्या, परत येताना कस्टमला दाखवायला लागतं.

ब्रिटन आणि आखात

ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावरच ठरावीक मानधनी कार्यक्रम करता येतात, पण अटी पक्क्या आहेत: निमंत्रण तिथल्या संस्थेचं, कार्यक्रम प्रवासाआधी ठरलेला, तो तुमच्या पेशाचा, आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत. व्हिसा अर्जातच हे सांगावं लागतं. त्यापेक्षा मोठ्या दौऱ्यासाठी ‘क्रिएटिव्ह वर्कर’ व्हिसा, ज्यासाठी परवानाधारक स्पॉन्सरचं प्रमाणपत्र लागतं. खोटेपणा सापडला तर तिथे दहा वर्षांची बंदी आहे.

दुबईत कार्यक्रमाला आणि प्रत्येक कलाकाराला परवाना लागतो. तो आयोजक काढतो. त्याची प्रत व्हॉट्सअॅपवर तरी मागून घ्या. यूएईने २०२४ मध्ये परवान्याशिवाय काम देणाऱ्यांवरचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहम केला आहे.

आखातात महिनोन्‌महिने हॉटेलात गाण्या-वाजवण्याची नोकरी असेल तर आपल्याकडचा १९८३ चा स्थलांतर कायदाही पाहावा लागतो. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ असतो. लहानपणीच रियाजाला बसलेली आपली किती मुलं दहावीपर्यंत पोहोचली, हे प्रत्येक घराला माहीत आहे. अशा पासपोर्टवर यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी घ्यावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि आयकर भरणाऱ्यांना यातून सूट मिळते, पण त्यासाठी पासपोर्ट बदलून घ्यावा लागतो. ही मंजुरी टाळण्यासाठी एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि ‘तिथे गेल्यावर बदलू’ म्हणतो. तिथे काही बिनसलं तर हातात ना करार असतो, ना सरकारी नोंद. एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. नोंदणीकृत एजंटला सेवा शुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या.